पांढऱ्यातलं काळं

९ फेब्रुवारी

‘बापाच्या दोनच गोष्टी मागे राहिल्या. नाक हिला गेलं, हृदय त्याला.’

आत्या म्हणाली होती. बाबा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, भरल्या घरात, सगळ्यांदेखत. मी शाळेत होते, दादा नुकता कॉलेजात गेलेला. मला तेव्हा रडू आलं ते नाकाचं! दादा फिस्सकन हसला आणि त्या दिवसापासून मी त्याची ‘नाकाडी’ झाले. वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बाबा पन्नाशीच्या आत गेले होते, काका त्यांच्याही आधी. दोघेही हृदयानंच.

गेल्या महिन्यात दादाला झटका आला. सत्तेचाळीस वर्षांचा आहे. लांब पल्ल्याची बस चालवतो — नशीब, त्या वेळी गाडी डेपोत उभी होती. मी परगावी होते. पोचले तोवर बंद झालेली रक्तवाहिनी उघडून, आत जाळी बसवून त्याला खाटेवर आणून टाकलेलं. शेजारच्या खाटेवर एक शिंपी होता. डॉक्टर म्हणाले, दोघांची रक्तवाहिनी तीच, बंद झाली ती जागा तीच, उघडायला उशीरही साधारण तेवढाच. आठवडा संपायच्या आत शिंपी वॉर्डभर हिंडून येणाऱ्याजाणाऱ्याच्या शर्टाला नावं ठेवत होता. दादाला नुसतं उठून बसलं तरी धाप.

का?

मी याच धंद्यात आहे आणि मला सांगता येत नाही.

१० फेब्रुवारी

कुणी विचारलं काय करतेस, तर मी म्हणते हृदयं मोजते. लोकांना वाटतं थट्टा करतेय. पण खरंच तेवढंच करते.

झटका येऊन गेलेल्या माणसांची एमआरआयची चित्रं आमच्याकडे येतात, निरनिराळ्या दवाखान्यांतून. हृदयाच्या आडव्या चकत्या. आधी शिरेतून एक द्रव देतात. मेलेल्या भागात तो साचून राहतो, म्हणून तो भाग चित्रात पांढरा. जिवंत भाग काळा. मी पेन घेऊन पांढऱ्याभोवती रेघ ओढते आणि यंत्र सांगतं — एवढं गेलं, एवढं राहिलं.

सध्या एका नव्या औषधाचा अभ्यास चाललाय. निम्म्या लोकांना झटक्याच्या दिवशीच ते टोचतात, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय, ते ना त्या माणसाला माहीत, ना मला. चित्रावर नाव नाही, वय नाही, बाई की पुरुष तेही नाही. फक्त एक क्रमांक. मोजणाऱ्याला माणूस कळला की हात आपोआप कलतो म्हणतात.

माझा नाही कलणार, असं मला नेहमी वाटत आलंय.

शेजारच्या टेबलावर गोगलगाय बसतो. तो माझ्याच वयाचा, माझ्याच हुद्द्याचा. तीच चित्रं तो वेगळी मोजतो, माझे आकडे न बघता. एक हृदय संपवायला त्याला इतका वेळ लागतो की हे नाव त्यानं स्वतःच लावून घेतलंय. आमचे आकडे जुळले तर ठीक. नाही जुळले तर चित्र मोठ्या बाईंकडे. त्या आमच्या प्रमुख.

१६ फेब्रुवारी

आज डबा खाताना शास्त्रीणबाईला धरलं. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत असते. वयानं माझ्या भाचीएवढी, पण बोलायला लागली की आम्ही सगळे शाळकरी. म्हटलं, आपण ज्याची मोजदाद करतोय ते औषध नेमकं करतं काय, एकदा मला माझ्या भाषेत सांग.

तिनं असं सांगितलं: जनुकं म्हणजे घरातल्या सगळ्या पाककृतींचं बाड. ते कपाटाबाहेर काढायचं नसतं. हवी ती कृती चिठ्ठीवर उतरवून घ्यायची — ती चिठ्ठी म्हणजे आरएनए. चिठ्ठी स्वयंपाकघरात जाते, पदार्थ तयार. पण काही आरएनए अगदी इटुकले असतात. त्यांच्यावर कसलीच कृती लिहिलेली नसते. ते नुसते फिरत राहतात, आणि एखाद्या चिठ्ठीला जाऊन चिकटले की ती चिठ्ठी बाद. तो पदार्थ होणे नाही.

मी म्हटलं, म्हणजे आमची आत्या!

आत्या आमच्याकडेच राहायची. आयुष्यात तिनं स्वतः चूल पेटवल्याचं मला आठवत नाही. पण आईनं काही करायला घेतलं की दारात येऊन उभी राहायची — ‘आज हे नको.’ झालं. आई हातातलं खाली ठेवायची. घरात काय शिजायचं ते आई ठरवायची, काय शिजायचं नाही ते आत्या.

शास्त्रीणबाई एवढी हसली की तिला ठसका लागला. म्हणाली, बरीच वर्षं आम्ही या इटुकल्यांना कचरा समजत होतो. म्हटलं, आत्यालाही सगळे तसंच समजायचे. एकदा ती महिनाभर लेकीकडे गेली, तेव्हा घरात वाट्टेल ते शिजलं आणि सगळ्यांची पोटं बिघडली. तशी ती नुसती खाष्ट नव्हती.

‘अगदी तसंच,’ शास्त्रीणबाई म्हणाली. ‘यांच्यातही काही हृदयाला सांभाळणारे, काही घात करणारे. आणि एकच इटुकला कधी हे करतो, कधी ते.’

मग मला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. रक्त थांबल्यानं पेशी मरतात हे माहीत होतं. पण रक्त परत येतं तेव्हाही मरतात! उपाशी माणसापुढे एकदम ताट वाढावं तसं काहीसं. त्या गोंधळात काठावरच्या पेशी ना धड मेलेल्या, ना धड जिवंत. त्यांच्याकडे तगून राहण्याच्या चिठ्ठ्या असतात, पण नेमके तेव्हाच हे इटुकले वाढतात आणि चिठ्ठ्या बाद करत सुटतात. आमच्या अभ्यासातलं औषध म्हणजे एक उलटा विणलेला धागा. तो त्या इटुकल्याला जाऊन बिलगतो आणि अडकवून ठेवतो.

म्हणजे आत्याला गप्पांत गुंतवून ठेवणारी शेजारीण. तेवढ्यात आईनं शिजवून घ्यायचं.

शिंप्याचं आणि दादाचं विचारलं. म्हणाली, बाड वेगळं असेल. किंवा बाड सारखंच, आत्या वेगळी. किंवा दोन्ही नाही, तिसरंच काही. ‘मला माहीत नाही.’

तिचं हे ‘माहीत नाही’ मला फार आवडलं. दिवसभर बरोबर घेऊन फिरले.

१७ फेब्रुवारी

मग आत्याचं वाक्य चूकच. बाबांचं हृदय दादाला ‘गेलं’ असेलही. पण बाड मिळालं म्हणजे पदार्थ मिळाला असं नाही.

आणि ते मलाही मिळालेलं असू शकतं. हे आज पहिल्यांदा सुचलं!

२२ फेब्रुवारी

दादाकडे गेले होते. गॅलरीत खुर्ची टाकून बसलेला, समोरच्या चौकातल्या बसचालकांना शिव्या देत. हा वळण लवकर घेतो, त्याला क्लचची किंमत नाही. वहिनी म्हणाली, झोपेतही उजवा पाय दाबतो, ब्रेक मारतो. दादा म्हणाला, ‘तू झोपेत बोलतेस म्हणून मारतो.’

मग वहिनी आत गेल्यावर हळूच — ‘नाकाडे, किती उरलंय ग माझं?’

म्हटलं, मोजल्याशिवाय कसं सांगू. एप्रिलमध्ये त्याची तपासणी आहे, मोठ्या यंत्रात. डेपोच्या डॉक्टरनं एक आकडा सांगून ठेवलाय, हृदय एका ठोक्याला किती रक्त बाहेर टाकतं त्याचा. हृदय त्या आकड्याच्या वर चाललं तर स्टिअरिंग परत, खाली असलं तर गाडी विसरायची. दादाला तो आकडा पाठ आहे. तो त्याचा उच्चार असा करतो की जणू पुढच्या थांब्याचं नाव.

यंत्राची भीती नाही ना वाटत, विचारलं. ‘भीती कसली? मागच्या वेळी झोप लागली होती.’ खरंच! आमच्याकडचं जुनं यंत्र नवं होतं तेव्हा ते नीट चालतंय का बघायला आम्ही घरच्यांना धरून धरून आत घातलं होतं. एवढ्या खडखडाटात हा घोरत पडलेला.

२७ फेब्रुवारी

झालं ते झालं तसं लिहिते.

आज दुपारी एक नवं हृदय उघडलं. आधी हलती चित्रं बघायची असतात. डाव्या कप्प्यात एक आडवी दोरी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली, प्रत्येक ठोक्याला लवणारी. अशा दोऱ्या असतात काहींच्यात, निरुपद्रवी. पण हिला एका टोकाला दोन फाटे. डहाळीसारखे.

ही दोरी मी बघितली आहे. दादा घोरत होता तेव्हा, पडद्यावर. मीच सगळ्यांना बोलावून दाखवली होती — बघा, आमच्या दादाच्या हृदयात कपडे वाळत घालायची सोय आहे!

ते यंत्र पुढे मोडीत निघालं, ती चित्रंही त्याच्याबरोबरच गेली. ताडून बघायला काही नाही. पण दादाला ठेवलं होतं तो दवाखाना आमच्या अभ्यासात आहे. अभ्यासातल्यांची चित्रं दवाखान्यात असतानाच काढतात, आणि मी काही दिवसभर तिथे नव्हते. झटका पुढच्या भिंतीला, दादासारखाच. सगळं जुळतंय.

नियम सोपा आहे: माणूस ओळखू आला तर पेन खाली ठेवा आणि सांगा. आजवर कुणावर ही वेळ आली नाही. हृदयावरून माणूस कोण ओळखतं?

पेन खाली ठेवलं नाही. आधी बघून घेऊ म्हटलं. फक्त बघून. मग रेघ ओढली. मग पुढची चकती. शेवटपर्यंत गेले.

पांढरं पुष्कळ आहे.

२८ फेब्रुवारी

काठावर राखी पट्टा असतो. पांढरा नाही, काळा नाही. रेघ त्याच्या आतून घ्यायची की बाहेरून, ते हातावर असतं.

काल मी कुठून घेतली? आठवत नाही. माझ्या रेघेनं त्याचं हृदय काही बरं होणार नाहीये. माझा आकडा त्याच्या डॉक्टरकडे जाणारही नाही, तो फक्त अभ्यासाच्या बेरजेत जाणार. मग हात कुणासाठी कलेल?

४ मार्च

गोगलगाय आज खुर्ची सरकवत माझ्याकडे आला. खुर्चीतून उठायचा त्याला कंटाळा. म्हणाला, एका हृदयात आपले आकडे फार लांब पडलेत, मोठ्या बाईंकडे जाण्याआधी एकदा बघ. क्रमांक त्या दोरीवाल्या हृदयाचाच.

त्यानं माझी चित्रं लावली. पांढऱ्या पट्ट्याच्या मधोमध एक काळा डाग. आणि माझी रेघ त्या डागाला वळसा घालून गेलेली. डाग जिवंत धरलेला!

नवीन माणूस पहिल्या आठवड्यात ही चूक करतो. काळं म्हणजे जिवंत असं शिकवलेलं असतं ना. पण पांढऱ्याच्या पोटातलं काळं हे जिवंत नसतं. तिथल्या बारीक वाहिन्या इतक्या बुजलेल्या असतात की तो द्रवसुद्धा आत पोचत नाही, म्हणून काळं. ते सगळ्यात जास्त मेलेलं. येणाऱ्या प्रत्येकाला हे शिकवते कोण? मी. गोगलगायीला शिकवलं तेही मीच.

‘तू?’ एवढंच म्हणाला तो. आणि खुर्ची सरकवत परत गेला.

हात कलेल म्हणून मी राखी पट्ट्यावर डोळा ठेवून होते. तो कलला भलतीकडेच.

५ मार्च

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्या चष्मा काढून ऐकत होत्या. चष्मा काढला की त्यांना समोरचं दिसत नाही. मला वाटतं म्हणूनच काढतात.

‘ओळखलंस कशावरून?’

‘आत आडवी दोरी आहे. एका टोकाला दोन फाटे.’

‘अशा दोऱ्या पुष्कळांना असतात.’

‘फाटे नसतात, बाई.’

‘फाटेही असतात.’

म्हटलं, मग तपासून सांगा तो आहे की नाही. त्या म्हणाल्या, क्रमांकामागचं नाव माझ्याकडे नाही, आणि असतं तरी सांगितलं नसतं. एका नावासाठी किल्ली फिरवली की सगळ्या मोजणीवरचा विश्वास जातो.

मग दोन गोष्टी बजावल्या. ‘भावाला विचारायचं नाही, तू अभ्यासात आहेस का म्हणून. हो म्हणाला तर पुढचं प्रत्येक चित्र बघताना तू त्यालाच शोधत बसशील. आणि जे बघितलंस ते खोलीबाहेर न्यायचं नाही. कुणाचंही असो.’

ते हृदय आता त्या स्वतः मोजतील. गेल्या महिन्यापासूनची माझी बाकीची गोगलगाय पुन्हा मोजेल. त्याला सांगायला गेले तर म्हणाला, ‘बरं झालं, मला घाई नव्हतीच.’

९ मार्च

त्याला औषध मिळालं असेल की पाणी? औषध मिळूनही एवढं पांढरं असेल तर औषध काही कामाचं नाही. पाणी मिळालं असेल तर औषधानं किती वाचलं असतं?

कुणाच्याही बाबतीत हे कळत नाही! एका माणसाला दोन्ही देऊन बघता येत नाही. म्हणून तर एवढी सगळी हृदयं.

१४ मार्च

दादाचा फोन. डेपोच्या साहेबांनी बोलावून घेतलं होतं. चौकशीच्या खिडकीवरचा माणूस निवृत्त होतोय, ती जागा दादाला मिळू शकते — पण आत्ता. घेतली तर घेतली, गाडी कायमची सुटली. नको म्हणाला आणि एप्रिलच्या तपासणीत नापास झाला, तर गाडीही नाही आणि खिडकीही नाही. घरी बसायचं.

‘तू काय म्हणतेस?’

म्हटलं, वहिनी काय म्हणते? वहिनी म्हणते तुझ्या बहिणीला विचार, ती हृदयं बघते.

विचार करून सांगते म्हटलं. तो म्हणाला, ‘कर, पण आमच्या गाडीच्या वेळेसारखा नको. वेळेवर सांग.’

१५ मार्च

मला माहीत आहे. तेवढं पांढरं आणि आत तो डाग — एप्रिलमध्ये तो आकड्याच्या वर जाणार नाही. गप्प बसले तर तो वाट बघत राहील, आणि खिडकीही जाईल.

सांगायचं तर खोलीबाहेर न्यावं लागेल.

विचारायचं नाही हे पाळते आहे. काल फोनवर जिभेच्या टोकावर आलं होतं — ‘तुला दवाखान्यात नवं इंजेक्शन दिलं का रे?’ गिळलं.

१६ मार्च

शास्त्रीणबाईला आडून विचारलं, काठावरच्या पेशी नंतर जाग्या होतात का? म्हणाली, काही होतात. भेदरून थांबलेल्या असतात, हळूहळू कामाला लागतात. ज्या मेल्या त्या मेल्या. काळा डाग असेल तर? तिनं मान हलवली. ‘तिथे शहाण्यानं आशा धरू नये.’

१८ मार्च

सांगितलं.

संध्याकाळी गेले. वहिनी खाली शेजारणीकडे होती. दादा गॅलरीत. मी उभ्यानंच म्हटलं, ‘दादा, खिडकी घे.’

तो चौकाकडे बघत राहिला. एक बस वळली, तिला त्यानं शिवी दिली नाही. मग म्हणाला, ‘तू माझं काही बघितलंस का?’

‘मी फक्त सांगतेय.’

‘तुझं नाक लाल झालंय.’

लहानपणापासून मी लपवायला लागले की नाक लाल होतं आणि त्याला ते कळतं.

‘बरं,’ तो म्हणाला. ‘घेतो.’

इतक्या सरळ ऐकेल असं वाटलं नव्हतं. भांडेल, चिडवेल, विचारून विचारून हैराण करेल अशी तयारी करून गेले होते. त्यानं फक्त विचारलं, जेवून जाणार का.

२० मार्च

एक ओझं उतरलं असं वाटायला हवं होतं.

२५ मार्च

आज मुद्दाम डेपोवरून गेले. दादा खिडकीत. जाळीमागे फक्त कपाळ आणि डोळे. एक म्हातारबाबा त्याला विचारत होते गाडी लागली का, आणि तो त्यांना रस्त्यातलं प्रत्येक वळण सांगत होता. कुठे बसलात तर उन्हाचा त्रास होणार नाही, तेसुद्धा. मागे रांग वाढत चाललेली. कुणीतरी ओरडलं. दादानं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. म्हातारबाबा खूश होऊन गेले.

मला बघून म्हणाला, ‘बाई, रांगेतून या.’

नंतर चहा पाजला. त्याची गाडी आता एका नव्या चालकाकडे आहे. दादानं स्वतः किल्ली नेऊन दिली, दुसरा गिअर कुठे अडतो ते दाखवलं. विचारलं, मागची काच ढिली आहे हे सांगितलंस ना? म्हणाला, ‘सांगितलं. पण एकदा किल्ली दिली की त्या गाडीकडे वळून बघायचं नाही. चालवणाऱ्याला वाटतं आपल्यावर विश्वास नाही.’ ती समोरून गेली तेव्हा खरंच बघितलं नाही त्यानं. कपातला चहा बघत होता.

एप्रिलच्या तपासणीचं काय, म्हटलं. ‘आता कशाला त्या नळीत झोपायचं? खिडकीला आकडा लागत नाही.’

२९ मार्च

मोठ्या बाईंनी आज मला पुन्हा नवी चित्रं दिली. पहिल्या हृदयात पांढऱ्यात काळा डाग होता. नीट आत घेतला.

गोगलगायीनं माझी बाकीची सगळी मोजून संपवली. म्हणाला, एकही चूक नाही. ‘कंटाळवाणी आहेस.’ त्याच्याकडून हे कौतुक आहे.

म्हणजे ओळख पटली त्या एकाच हृदयात हात कलला. मला याचं भय वाटायला हवं, पण खरं सांगायचं तर नवल जास्त वाटतं. डोळ्यांना डाग दिसला असणारच. नियम मला पाठ. मग दिसण्याच्या आणि रेघ ओढण्याच्या मध्ये कोण येऊन उभं राहिलं आणि म्हणालं, आज हे नको?

६ एप्रिल

वहिनीबरोबर बाजारात गेले होते. पिशवी या हातातून त्या हातात घेताना सहज म्हणाली — झटक्याच्या दिवशी एक नर्स विचारायला आली होती, नव्या औषधाचा अभ्यास आहे, निम्म्यांना औषध, निम्म्यांना मिठाचं पाणी, भाग घेणार का. दादानं तशा दुखण्यातही नाही म्हटलं. ‘पाणीच द्यायचं तर तांब्यातून द्या.’ म्हटलं, मग दवाखान्यात असताना केलेली मोठ्या यंत्रातली तपासणी? ‘ती कुठे केली? तीच तर या महिन्यात होती.’

ती दोरी परक्या माणसाची आहे. त्याचं पांढरं, त्याचं काळं उचलून मी दादाच्या छातीत नेऊन ठेवलं. दादाचं हृदय अजून कुणी मोजलेलंच नाही.

उद्या सकाळी जाते, रांगेतून. नाही म्हणेल, जाळीमागून मान हलवेल आणि माझ्या मागच्याला पुढे बोलावेल. तरी म्हणणार — दादा, मी चुकले. साहेबांकडे जा, गाडी परत माग, आणि माझ्याबरोबर त्या तपासणीला चल.